गाइड पिन सुटते, पण पुन्हा अडकते ती का?

घरी ब्रेक पॅड बदलू पाहणाऱ्याला चाक उतरवणे, गाडीखाली घोडी लावणे आणि कॅलिपर उचलून जुने पॅड काढणे ठाऊक असते, असे गृहीत धरून मी लिहीत आहे. व्हिडिओत हे काम अर्ध्या तासात उरकते, कारण त्यातली गाडी बहुधा आधीच एकदा खोलून ठेवलेली असते. ऐरोलीत किंवा ठाण्यात कोलशेतच्या बाजूला, खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर काही पावसाळे काढलेल्या गाडीचे चाक उतरवले की मात्र बोल्ट गंजलेले, पॅडचे कान (दोन्ही टोकांचे उंचवटे) ब्रॅकेटमध्ये, म्हणजे कॅलिपर ज्यावर बसतो त्या चौकटीत, रुतलेले आणि कॅलिपर जिच्यावर सरकतो ती गाइड पिन जागची हलायला तयार नाही, असा सगळा प्रकार समोर येतो. यातले जवळजवळ सगळे घरी सुटू शकते. घाई केली तर मात्र किरकोळ किमतीच्या रबरी भागापायी अख्खा कॅलिपर बदलावा लागतो.

बोल्टचे थोडक्यात सांगतो. आदल्या रात्री गंज सैल करणारे तेल फक्त बोल्टच्या मुळाशी मारावे. डिस्कवर किंवा पॅडवर त्याचा थेंबही जाता कामा नये. बारा कोनांच्या रिंग पान्याऐवजी षटकोनी गोटी (सॉकेट) वापरावी, म्हणजे बोल्टचे डोके गोल होत नाही. ब्रॅकेटच्या बोल्टचे डोके गाडीच्या आतल्या बाजूस असते आणि आपण बाहेरून हात घालतो, त्यामुळे सैल करण्याची दिशा मनात उलटी होते आणि जाम झालेला बोल्ट माणूस जोर लावून आणखी आवळत बसतो. गॅसच्या ज्योतीने बोल्ट तापवण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. घरी तो मुळीच मानू नये, कारण शेजारीच रबरी होज (ब्रेक ऑइलची नळी) आणि ब्रेक ऑइल असते, आणि काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असते, जे तापल्यावर विषारी वायू सोडते.

पॅडचे कान अडकतात ते बहुधा ब्रॅकेटवरच्या स्टीलच्या पट्ट्यांखाली गंज साचतो म्हणून. गंज फुगून पट्टी वर उचलतो आणि खाच अरुंद होते. अशा वेळी नव्या पॅडचे कान कानशीने घासून बसवणे हा आळशीपणा आहे. पट्टी काढावी, ब्रॅकेट तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ करावा आणि पट्ट्या नव्याच घालाव्यात.

आता गाइड पिन, ज्यासाठी हे सगळे लिहायला घेतले. सरकत्या कॅलिपरला दोन पिना असतात आणि बऱ्याच गाड्यांत त्यांपैकी एकीच्या टोकाला रबराची छोटी नळी बसवलेली असते. माझ्या जुन्या विकत घेतलेल्या गाडीत नेमकी तीच पिन अडकली होती. बोल्ट सोडवताना ती पान्याबरोबर गोल फिरत होती, आणि फिरते म्हणजे मोकळी आहे असे कोणालाही वाटेल. पण पिनेचे काम फिरण्याचे नसून आत-बाहेर सरकण्याचे असते. चपट्या भागाला पातळ पाना लावून ती थोडी उजवीकडे, थोडी डावीकडे फिरवत बाहेर ओढली, तेव्हा टोकाचे रबर फुगून मऊ झालेले दिसले आणि त्याला तपकिरी, चिकट ग्रीस माखलेले होते. ते पुसून, सिलिकॉन ग्रीस लावून पिन परत घातली, तेव्हा ती बोटाच्या जोराने सरकली. काही आठवड्यांनी वाशीच्या खाडीपुलावरून घरी परतल्यावर त्याच चाकाला जळका वास येऊ लागला.

कारण असे आहे. ब्रेकमधील रबर बहुधा ईपीडीएम या कृत्रिम प्रकारचे असते. ब्रेक ऑइलमध्ये ते टिकते, पण खनिज तेलाने फुगते. हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळणारे नेहमीचे ग्रीस खनिज तेलाचेच असते. ते लावल्यावर पिन त्या दिवशी लोण्यासारखी सरकते आणि लावणाऱ्याला काम फत्ते झाल्यासारखे वाटते. पुढे रबर तेल पिऊन हळूहळू फुगते आणि पिनेला भोकातच आवळून धरते. शिवाय ग्रीस पुसले तरी फुगलेले रबर पुन्हा पूर्वीच्या मापाचे होत नाही, त्यामुळे नळी आणि बाहेरचे बूट (पिनेवरचे रबरी आवरण) नवेच घालावे लागतात. पिनांचा रबरासह संच फार महाग नसतो. नळी असलेली पिन वर की खाली, हे खोलतानाच फोटो काढून ठेवावे. भोक ब्रेक क्लीनर आणि काडीला गुंडाळलेल्या कापडाने साफ करावे, पॉलिश पेपरने घासू नये. सिलिकॉन ग्रीस पातळ थरातच लावावे. भोक भरून टाकले तर पिन आत जात नाही आणि ती पुन्हा अडकली असा भलताच समज होतो. पिन ढकलल्यावर परत बाहेर येत असेल, तर बुटाची कड किंचित उचलून कोंडलेली हवा जाऊ द्यावी.

आतला पॅड जास्त झिजलेला पाहून पिस्टन (पॅडला डिस्कवर दाबणारा कॅलिपरमधला भाग) गेला असे ठामपणे सांगणारे उस्ताद पुष्कळ भेटतात. पिन अडकली तरी बहुधा आतलाच पॅड झिजतो, म्हणून आधी दोन्ही पिना हाताने सरकवून पाहाव्यात. बघण्याआधी हातोडी उचलणाऱ्याकडून काम शिकू नये, हे माझे ठाम मत आहे. हातोडी उचलण्याची पाळी क्वचितच येते.

पिना मोकळ्या असूनही सी-क्लॅम्पने हळूहळू दाबल्यावर पिस्टन आत जात नसेल, तर तिथेच थांबावे. तो खोलणे हे घरच्या पार्किंगमधले काम नाही, आणि त्यासाठी गॅरेजमध्ये जाण्यात कमीपणाही नाही. गाडीला मागेही डिस्क असून हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल, तर तिथला पिस्टन सहसा फिरवत आत न्यावा लागतो, नुसता दाबू नये. कॅलिपर होजवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधून ठेवावा. पिस्टन दाबताना टाकीतले ब्रेक ऑइल वर चढते, त्यावर लक्ष असू द्यावे. ते सांडले तर रंग खाते. बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधील आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळावेत.

गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहावे. पहिली चाचणी सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर घ्यावी, पाम बीच रोडवर नव्हे. त्यानंतर थोडे अंतर चालवून आल्यावर डिस्कला हात न लावता दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ तळहात धरावा. एक बाजू स्पष्टपणे जास्त तापलेली असेल, तर ते चाक त्याच दिवशी पुन्हा उतरवावे. दोन्ही सारखीच असली तरी महिन्याभराने आणि पुढे दरवर्षी पावसाळा संपल्यावर पिना हाताने सरकवून पाहाव्यात.