व्हिडिओ इम्पोर्ट करताच कंपोझिटिंग सॉफ्टवेअर बंद पडत असेल तर

नेट्रॉन किंवा आफ्टर इफेक्ट्ससारखे कंपोझिटिंगचे, म्हणजे वेगवेगळी दृश्ये जोडून एकच दृश्य बनवण्याचे, सॉफ्टवेअर एखादी ठरावीक व्हिडिओ फाइल घेताच बंद पडत असेल, तर ते काढून पुन्हा इन्स्टॉल करण्याची घाई करू नये. आधी नेहमी चालणारी दुसरी फाइल घेऊन पाहावी. ती नीट आली, तर दोष पहिल्या फाइलमध्ये शोधावा.

तीच फाइल व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उत्तम चालते, याने गोंधळून जाऊ नये. प्लेअरला फ्रेम्स (व्हिडिओतली एकेक चित्रे) ओळीने दाखवायच्या असतात आणि एखादी निसटली तरी तो पुढे सरकतो. कंपोझिटिंगमध्ये मात्र १२०वी फ्रेम मागितली की नेमकी तीच मिळावी लागते. एच.२६४ आणि एचईव्हीसी या व्हिडिओ लहान करून साठवण्याच्या पद्धतींत बहुतेक फ्रेम्स पूर्ण साठवलेल्या नसतात, इतर फ्रेम्सच्या आधाराने त्या पुन्हा तयार कराव्या लागतात. त्यात फोनवरच्या चित्रीकरणाचा फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम्स) बदलता असला, तर हा हिशेब आणखी अवघड होतो.

एमपी४ किंवा एमओव्ही हा केवळ डबा आहे, त्यामुळे आत काय आहे ते मीडियाइन्फो या मोफत साधनात पाहावे. तिथे फ्रेमरेट ‘व्हेरिएबल’ (बदलता) किंवा एचईव्हीसीसोबत बिट डेप्थ (रंगछटांची बारकाई) १० दिसली, तर संशयाला जागा आहे.

माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे कामासाठी वेगळी प्रत तयार करणे. शटर एन्कोडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रोरेस ४२२ किंवा डीएनएक्सएचआर ही संपादनासाठीची साठवण पद्धत निवडावी, फ्रेमरेट २५ किंवा ३० असा स्थिर ठरवून द्यावा आणि तयार झालेली प्रत मीडियाइन्फोमध्ये पुन्हा तपासावी. या पद्धतींत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. जागा मात्र बरीच लागते: १९२० × १०८० आकार आणि सेकंदाला ३० फ्रेम्स असतील, तर प्रोरेस ४२२ला मिनिटाला सुमारे १.१ गिगाबाइट. शॉट काही सेकंदांचाच असेल, तर पीएनजी चित्रमालिका अधिक सोयीची, कारण एखादे चित्र बिघडले तरी बाकीची शाबूत राहतात. मूळ फाइल कधीही पुसू नये.

रूपांतरही अर्ध्यावर थांबले, तर फाइल अपुरी उतरली असण्याची शक्यता मोठी असते. ती मेमरी कार्डावरून पुन्हा कॉपी करावी. एमपी४ची अनुक्रमणिका (कोणती फ्रेम कुठे आहे याची यादी) बहुधा चित्रीकरण संपताना लिहिली जाते, म्हणून मध्येच बॅटरी संपलेली फाइल उघडतच नाही.

एचईव्हीसीच्या सगळ्याच फाइल्सना हा त्रास होत असेल, तर सेटिंगमधील हार्डवेअर डिकोडिंग (व्हिडिओ ग्राफिक्स कार्डाकडून उलगडून घेणे) बंद करून, सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करून पाहावे. तसे केल्यावर फाइल आली, तर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करावा.