गावच्या घरातल्या जपानी टाइल्स आणि काडेपेट्यांची चित्रं: बघायची कशी

जुनी जपानी व्यापारी चित्रकला बघायला तिकीट काढून तोक्योला जायची गरज नाही. राजापूर-वेंगुर्ल्याकडच्या जुन्या घरात तुळशीवृंदावनाला नाहीतर ओटीच्या पायरीला गुलाब, मोर असल्या चकचकीत टाइल्स असतील तर तिथूनच सुरुवात करा. सगळ्या जपानीच असतात असं नाही हां, इंग्लंडच्याही यायच्या, पण पहिल्या महायुद्धात युरोपचा माल आटला आणि जपान्यांनी बाजार पकडला.

घरात कुठे सुटी टाइल पडलेली असेल तर उलटी करा, मागे मेड इन जपान आणि कारखान्याची खूण सापडू शकते. सुटी नसेल तर भिंतीतली उचकटू नका, प्लीज. त्यापेक्षा मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरा, मग पाकळ्यांच्या कडेची बारीक उठावाची रेघ दिसेल आणि रंगाचं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, खोलगट जागी साचून गडद आणि उंचवट्यावर फिकट झालेलं दिसेल. अशा टाइलला मॅजोलिका म्हणतात. देश मात्र एवढ्यावरून ठरत नाही, त्याला मागची खूणच लागते.

आता चित्राकडे या, खरी मजा इथे आहे. गिऱ्हाईक बघून चित्र काढायचे हे लोक! तैवानसाठी पीच, डाळिंब असली शुभ फळं आणि आपल्यासाठी कृष्ण वगैरे देव, तेसुद्धा कधी कधी थेट रविवर्मा प्रेसच्या छापील चित्रांवरून. म्हणजे लोणावळ्याजवळ मळवलीच्या या प्रेसमध्ये जर्मन मशीनवर छापलेला देव जपानला जाऊन टाइल होऊन परत आपल्याकडे. १८९३ ला टाटा आणि निप्पॉन युसेन कैशा ही जपानी जहाज कंपनी यांनी मुंबई-कोबे बोट सुरू केली, इथून कापूस जायचा आणि तिकडून काय काय यायचं.

त्यातच काडेपेट्या. कोबे-ओसाकाच्या काडेपेट्यांवर हत्ती, वाघ, देव असे छाप असायचे, कारण वाचता न येणारा माणूससुद्धा चित्र बघून माल मागतो. माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेत, वह्यांच्या पानांत चिकटवलेले मिळाले तर नशीब. १९२२ ला आयात काडेपेट्यांवर जबर कर बसला आणि नंतर इथेच कारखाने निघाले, त्यामुळे जपानी छाप बहुधा त्याआधीचे धरायचे.

जपानी अक्षरं असतील तर दोन युक्त्या. आडवी ओळ उजवीकडून डावीकडे असेल तर माल साधारण दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा किंवा त्या सुमाराचा. आणि तारीख जपानी सम्राटाच्या राजवटीच्या वर्षात दिली असेल तर त्या वर्षात हा आकडा मिळवा: मेइजी राजवटीला १८६७, ताइशोला १९११, शोवाला १९२५. ताइशो ११ म्हणजे १९२२. गूगल लेन्स उजवीकडून डावीकडच्या ओळीत गोंधळला तर अक्षरं एकेक करून तपासा.

तुलना करायला तोक्योच्या नॅशनल डाएट लायब्ररीचं (जपानच्या संसदेचं ग्रंथालय) ऑनलाइन भांडार फुकट आहे, तिथे मित्सुकोशी दुकानाची पोस्टरं शोधा, आणि बाजूला शांघायची सिगारेटच्या जाहिरातीची जुनी कॅलेंडरं ठेवून बघा, दोन्हीकडच्या बायकांच्या पोझ एकमेकींच्या बहिणी वाटतात. मुंबईला गेलात तर शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेल्या जपानी आणि चिनी वस्तू आहेत.

जपायचं म्हणाल तर टाइलवर ॲसिड अजिबात नको, ओलं फडकं पुरे. कागदी छाप लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, पावसाळ्यात बुरशी आणि कसर दोन्ही लागतात म्हणून कोरड्या डब्यात ठेवा. आणि दुसऱ्याच्या देवघरातल्या टाइल्सचे फोटो काढायचे तर आधी घरच्या आजीला विचारा, बऱ्याचदा कुठली टाइल कोणी कधी आणली ते तिलाच ठाऊक असतं.