रिमोटच्या नॉबने गिंबलचा टिल्ट हलत नव्हता, तो असा सुरू झाला

माझ्या ड्रोनवर पिक्सहॉक (उड्डाण सांभाळणारा बोर्ड), त्यात आर्डुपायलट ४.३ हे सॉफ्टवेअर आणि दोन अक्षांचा ब्रशलेस गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी मोटरवाली चौकट). टिल्ट म्हणजे कॅमेरा वर-खाली झुकवणं, सेटिंगमध्ये त्यालाच पिच म्हणतात. पॉवर दिली की कॅमेरा सरळ राहायचा, पण सहाव्या चॅनेलचा नॉब फिरवला तर ढिम्म. मिशन प्लॅनरमध्ये (बोर्डाच्या सेटिंग बदलायचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर) मात्र त्याच चॅनेलची हिरवी पट्टी नीट सरकायची.

केबल बदलली, रेडिओ कॅलिब्रेशन दोनदा केलं. दोन रविवार गेले, अगदी रडकुंडीला आलो.

मी जुन्या आवृत्तीची माहिती वाचत होतो, तिथेच चुकलं. ४.३ पासून टिल्टचा चॅनेल माउंटच्या (म्हणजे गिंबलच्या) सेटिंगमध्ये नसतो, त्या चॅनेलच्याच ऑप्शनमध्ये द्यावा लागतो.

आधी प्रॉपेलर काढा. 'एमएनटी१_टाइप' ७ (ब्रशलेस पीडब्ल्यूएम) करून बोर्ड रीबूट करा. त्याशिवाय माउंटची बाकीची पॅरामीटर दिसतच नाहीत. गिंबलची सिग्नल वायर बोर्डाच्या ऑक्स १ पिनवर (हाच नववा सर्वो आउटपुट) लावा आणि 'सर्वो९_फंक्शन' ७ (टिल्ट) करा. मग 'आरसी६_ऑप्शन' २१३, म्हणजे सहावा चॅनेल टिल्टसाठी. हाच आकडा माझ्याकडे राहिला होता. 'एमएनटी१_पिच_मिन' उणे ९०, 'मॅक्स' ०. 'एमएनटी१_आरसी_रेट' ० ठेवा, म्हणजे नॉब जिथे थांबेल तिथे कॅमेरा थांबतो. माउंटचा डिफॉल्ट मोड ३, म्हणजे आरसी टार्गेटिंग (रिमोटने कॅमेरा वळवणं). पुन्हा रीबूट.

गिंबलच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्येही पिचचा इनपुट 'अँगल' मोडवर आणि त्याच उणे ९० ते ० मर्यादेत हवा. 'स्पीड'वर असेल तर नॉब सोडला तरी कॅमेरा सरकत राहतो.

दिशा उलटी आली तर 'सर्वो९_रिव्हर्स्ड' १ करा. सिग्नलसोबत ग्राउंडची वायरही जोडलेली आहे ना, ते नक्की बघा.