घरखर्चाच्या हिशेबाची ऑनलाइन सेवा चालवताय? या चुका टाळा

लातूर-परभणीकडच्या घरांसाठी सेवा काढायची आणि साचा मात्र पगारदाराचा वापरायचा, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. एक तारखेला पगार, तीस तारखेला शिल्लक, हे गणित सोयाबीन-कापसाच्या घराला बसत नाही. जून-जुलैत पेरणीला पैसा जातो, हातात येतो तो दिवाळीच्या आगेमागे, तूर-हरभऱ्याचा त्याच्याही नंतर. महिन्याचा तक्ता अशा घराला सलग चार महिने तूटच दाखवतो. मग नोंदी करणारी बाई कंटाळून मोबाइल बाजूला ठेवते, आणि त्यात तिचं काहीच चुकलेलं नसतं.

महिना नको, वर्ष धरा. गुढीपाडवा ते गुढीपाडवा सोयीचं पडतं. सालगड्याचं सालही तिथूनच सुरू होत असल्यामुळे लोकांना वेगळं समजवावं लागत नाही. पट्टी, म्हणजे माल विकल्यावर अडत्या देतो ती हिशेबाची चिठ्ठी, आली की आधी पीककर्जाची आणि पुढच्या बी-खताची रक्कम बाजूला काढा. उरलेली रक्कम पुढचा मोठा पैसा येईपर्यंतच्या महिन्यांनी भागा. जो आकडा येईल, ती त्या घराची महिन्याची मर्यादा.

पट्टी, उचल, उधारी

अडतीवरची पट्टी नोंदवताना हातात आलेली रक्कम जमेत टाकू नका. समजा २० क्विंटल सोयाबीन ४,००० रुपयांनी गेलं. रक्कम झाली ८०,०००. हमाली-तोलाई ६०० कापली, पेरणीच्या वेळी अडत्याकडून घेतलेले १५,००० वळते झाले, हातात ६४,४०० पडले. जमेला ६४,४०० लिहिले की वर्षाचं उत्पन्न १५,६०० नं कमी दिसतं, आणि अडत्याचं देणं फिटलं तरी तुमच्या तक्त्यात तसंच उभं राहतं. बरोबर नोंद तीन ओळींची: जमा ८०,०००, शेतीखर्च ६००, देणं फेड १५,०००. पट्टीचा फोटो मागवून घ्या आणि ओळी तुम्ही पाडा. ते काम ग्राहकावर टाकलं तर होत नाही.

ऊसतोडीची उचल, म्हणजे हंगामाआधी हातात मिळालेली आगाऊ रक्कम, तर हमखास उत्पन्नात टाकली जाते. ती कमाई नव्हे, अंगावरचं देणं आहे. घेतली त्या दिवशी देण्यात लिहा. कारखाना सुरू झाला की दर पंधरवड्याच्या हिशेबाला तोडलेले टन आणि दर धरून उत्पन्न लिहा आणि तेवढी उचल कमी करा. हंगाम संपल्यावर अंगावर बाकी राहिली तर ती पुढच्या सालात ओढून न्या. नवं साल शून्यापासून सुरू करणारा तक्ता इथे घात करतो, कारण बाकी दिसेनाशी होते आणि माणूस नवी उचल घ्यायला मोकळा आहे असं वाटतं.

किराणा दुकानाच्या खात्याचंही तसंच. माल आणला त्या तारखेला खर्च लिहा. पुढे पैसे चुकते केले की ‘देणं फेड’ लिहा, पुन्हा किराणा नव्हे. नाहीतर ऑगस्ट स्वस्ताईचा आणि नोव्हेंबर उधळपट्टीचा दिसतो.

बेरीज जुळत नाही तेव्हा

बहुतेक छोट्या सेवा गुगल फॉर्म आणि शीटवर चालतात, आणि ते पुरेसंही असतं. आधी रकमेचा रकाना बघा. ‘५००/-’ किंवा ‘रु. ५००’ असं लिहिलेलं शीट मजकूर समजते आणि बेरजेत धरतच नाही. चूक झाल्याचा इशाराही येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: संख्या रकान्यात उजवीकडे लागते, मजकूर डावीकडे. फॉर्ममध्येच त्या प्रश्नाला फक्त संख्या स्वीकारण्याची अट घाला.

मग तारीख. शीटची सेटिंग अमेरिकेची असली तर ५/११ म्हणजे ११ मे होतो, आणि २५/११ ला पंचविसावा महिना नसल्यानं त्याचा मजकूर होतो. निम्मा नोव्हेंबर इकडेतिकडे विखुरतो. फाइलच्या सेटिंग्जमध्ये लोकेल (तारीख-आकडे कुठल्या देशाच्या पद्धतीनं वाचायचे ते) भारताचं करा, पण जुन्या तारखा आपोआप दुरुस्त होत नाहीत, त्या हातानंच तपासाव्या लागतात.

तिसरं कारण दुहेरी नोंद. वाडी-तांड्यावर रेंज गेली की ग्राहक तीच नोंद पुन्हा पाठवतो. एकाच घराची, एकाच रकमेची, पाच मिनिटांत आलेली दुसरी नोंद विचारल्याशिवाय धरू नका. यूपीआयच्या व्यवहाराला १२ अंकी यूटीआर क्रमांक असतो, त्यावरून लगेच निकाल लागतो. एटीएममधून काढलेले २,००० हा खर्च नव्हे, पैसा खात्यातून पाकिटात आला एवढंच. ते खर्चात धरले आणि पुढे भाजीपाला-पेट्रोलही धरलं की २,००० दोनदा जातात.

आणखी एक बारीक गळती: २८ दिवसांचं रिचार्ज वर्षाला १२ नव्हे, १३ वेळा लागतं. घरात तीन मोबाइल असले तर तीन जादा रिचार्ज.

खर्चाची खाती दहा-बाराच ठेवा, पण लोकांच्या बोलीतली: किराणा, दवाखाना, आहेर, टँकर-जार, बी-खत, लातूरला क्लासला ठेवलेल्या पोराची मेस. ‘इतर’ फुगायला लागलं की त्यातून एक नवं खातं काढा.

फी दरमहा घेऊ नका. श्रावणात खात्यात शिल्लक नसते, ऑटोपे अडकतं आणि चांगला ग्राहक तुटतो. दिवाळीनंतर वर्षाची एकदम घ्या.

कोणाला काय दिसतं

शीट ‘लिंक असलेला कोणीही’ अशी उघडी ठेवणं हा सरळसरळ विश्वासघात आहे. प्रत्येक घराची फाइल वेगळी, आणि ती ठरलेल्या ईमेललाच उघडी. सगळ्या ग्राहकांचा एकच व्हॉट्सॲप ग्रुप केला तर प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा, तिच्यातून एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा जातो. तिच्यात २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो, म्हणून नंबर आधी सेव्ह करून घ्या.

घरातल्या घरातही विचारा. बचत गटात भरलेले पैसे किंवा भिशी नवऱ्याला-सासूला दिसावी की नाही, हे त्या ताईंना एकटीला विचारून ठरवा आणि मगच फाइल घरात वाटा. ओटीपी, पिन, आधारचा फोटो कधीच मागू नका. हिशेबाला त्यातलं काही लागत नाही.

शिल्लक दिसायला लागली की लोक विचारतात, ‘कुठल्या फंडात टाकू?’ फी घेऊन अमुक फंड, तमुक शेअर सुचवायला सेबीची (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची) गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणी लागते. ती नसेल तर नोंदणीकृत सल्लागाराकडे पाठवा, आणि त्याच्याकडून कमिशन घेऊ नका.