फोटोथेरपीला येताना

त्वचारोग विभागात फोटोथेरपीचं, म्हणजे त्वचेवर अतिनील किरण सोडून उपचार करण्याचं यंत्र चालवणं हे माझं काम. केबिनचं दार उघडण्याआधी मी प्रत्येकाला विचारते, "मागच्या वेळेनंतर लाली आली होती? किती वेळ टिकली?" "काही नाही, ठीक होतं" एवढ्यावर माझं भागत नाही. आजचा डोस त्या उत्तरावरच ठरतो.

नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा एक अरुंद पट्टा, त्याचे किरण ३११ ते ३१३ नॅनोमीटर तरंगलांबीचे. त्यांची लाली ८ ते २४ तासांत चढते, म्हणून त्वचा त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निरखा. फिकट गुलाबी रंग दिवसभरात ओसरला तर हरकत नाही. आग होत असेल, फोड आले असतील, तर पुढची वेळ थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. डायरीत दोन ओळी लिहून आणणारे पेशंट मला फार आवडतात!

दर वेळी त्याच मापाची अंतर्वस्त्रं घाला. आखूड घातलीत तर आजवर झाकलेली पट्टी एकदम वाढलेल्या डोसखाली येते आणि भाजते. केस बारीक कापले की मानेचंही तेच, तेव्हा आधी सांगा. पुरुषांनी जननेंद्रिय झाकायचंच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. गॉगल आत असेपर्यंत काढायचा नाही. येताना अत्तर, जाड मलम नको. सोरायसिसच्या जाड खवल्यांवर डॉक्टर कधी खनिज तेलाचा पातळ हात द्यायला सांगतात, ते वेगळं. मॉइश्चरायझर नंतर.

नवी गोळी सुरू झाली तर पाकीट घेऊन या. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक किंवा रक्तदाबासाठीच्या थायझाइड गोळ्यांनी त्वचा उन्हाला हळवी होते. ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) असेल तर हे उपचार सहसा देतच नाहीत.

आठवड्यातून दोन-तीन वेळा यावं लागतं. मोठा खाडा पडला तर डोस कमी करावा लागतो. "आज जरा जास्त द्या, भरून निघेल" हे माझ्याकडे चालत नाही. घरी जाऊन वर आणखी उन्हात बसणंही नको.

सोरायसिस साधारण २० ते ३० वेळांत बराच निवळतो. कोडाला महिनेच्या महिने लागतात. पांढऱ्या डागात केसांच्या मुळाशी तपकिरी ठिपके दिसू लागले की रंग परततोय समजा. चेहरा लवकर प्रतिसाद देतो. बोटांच्या टोकांना केसच नसल्याने ती फार रखडतात. महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढा, रोज आरशात बघून फरक कळत नाही.