सोफा घेण्याआधी फरशीवर वर्तमानपत्रं पसरा

दुकानात आटोपशीर वाटलेला सोफा घरी आला की अख्खी खोली खातो. दोष नजरेचा नाही. डोळा वस्तू एकटी मोजतच नाही, आजूबाजूच्या जागेशी तुलना करून तिचा आकार ठरवतो. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ जोसेफ देलबफ यांनी 1865 मध्ये हेच वर्तुळांतून दाखवलं: तेच वर्तुळ मोठ्या, लांबच्या कड्यात लहान दिसतं आणि जवळच्या कड्यात मोठं. उंच छताचं शोरूम म्हणजे ते लांबचं कडं. गिरगावातली 10 बाय 12 ची खोली म्हणजे जवळचं.

म्हणून 7 बाय 3 फुटांचा सोफा घ्यायचा असेल, तर तेवढ्या मापाची वर्तमानपत्रं फरशीवर चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. तो 21 चौरस फूट, म्हणजे खोलीचा सहाव्या हिश्श्याहून थोडा जास्तच भाग अडवतो. कपाटाची दारं उघडून पाहा, रात्री गाद्या घालून पाहा. पाहुणे आल्यावर चहाचा ट्रे घेऊन जाता येतं का, तेही बघा. चालायला निदान दोन फूट तरी सुटायला हवेत.

पाठीची उंची भिंतीवर खडूने आखा, खिडकी झाकली जात असेल तर लगेच कळेल. आणि जिन्याचं वळण टेपने मोजायला विसरू नका, चाळीत तर नक्कीच.