पुस्तकांच्या कपाटाचंच दार कसं बनवावं

आमच्या हॉलच्या फरशीवर एक पांढरट चंद्रकोर उमटलेली आहे, दोन फूट लांब आणि कायमची. कितीही घासली तरी जात नाही. स्टोअररूमचं दार काढून त्याजागी पुस्तकांचं कपाटच दार म्हणून बसवायचं, या माझ्या हट्टाच्या पहिल्या प्रयत्नाची ती खूण. साध्या दाराच्या चार बिजागऱ्यांवर कपाट टांगलं होतं. रिकामं होतं तोवर छान झुलत होतं. पुस्तकं भरली आणि तिसऱ्या आठवड्यात मोकळी बाजू खाली बसून फरशी खरवडू लागली. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून त्या चंद्रकोरीवर टेकवली आणि म्हणाले, "तुम्ही दार म्हणून लावलंत. ही भरलेली हातगाडी आहे."

दुसऱ्या वेळी जमलं. तेच सांगतो, अगदी मापांसकट. मापं इंचात आणि सुतात आहेत, कारण मिस्त्री त्यातच बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच.

आधी पुस्तकं मोजा

कपाट किती खोल करायचं, यावर पुढचं सगळं ठरतं. बाजारातली कपाटं सहसा बारा इंच खोल असतात आणि आपणही सवयीनं तेवढंच सांगतो. पण मराठी पुस्तकांचा नेहमीचा डेमी आकार म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. त्याला आतून सहा इंच खोली पुरते. मागची अर्ध्या इंचाची प्लाय धरून बाहेरून साडेसहा. दिवाळी अंक यात मावत नाहीत, ते आमच्याकडे दिवाणाखाली गेले. त्यावरून घरात थोडं बोलणंही झालं. पण खोली वाढवू नका. का, ते पुढच्या गणितात दिसेल.

कोपऱ्याचं गणित

साधं दार दीड इंच जाड असतं, त्यामुळे ते चौकटीत फिरताना कुठे अडत नाही. कपाट म्हणजे खोका. तो पुढच्या एका कोपऱ्यावर फिरवला की समोरचा मागचा कोपरा चौकटीला धडकतो, कारण खोक्याचा कर्ण त्याच्या रुंदीपेक्षा मोठा असतो. शाळेतला पायथागोरस इथे कामाला येतो. ३० इंच रुंद आणि १२ इंच खोल कपाटाचा कर्ण भरतो ३२.३ इंच, म्हणजे मोकळ्या बाजूला सव्वादोन इंचांहून जास्त फट हवी. तेच कपाट साडेसहा इंच खोल असेल तर कर्ण ३०.७ इंच, आणि फट पाऊण इंचाच्या आत. मी पूर्ण एक इंच सोडला, कारण पावसाळ्यात प्लाय कधी किती फुगेल याचा नेम नाही. बिजागरीच्या बाजूला दोन सूत पुरतात. म्हणजे ३० इंची कपाटाला चौकट आतून सव्वाएकतीस इंच हवी. उंचीला वर आणि खाली अर्धा अर्धा इंच सोडा.

गणितावर विश्वास बसत नसेल तर (माझा नव्हता) फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. त्यातून ३० बाय साडेसहाचा आयत कापा, फरशीवर खडूनं चौकटीच्या दोन बाजू आखा आणि पुठ्ठ्याच्या पुढच्या कोपऱ्यावर टोच्या रोवून तो फिरवा. कुठे अडतंय ते पाच मिनिटांत कळतं. आणखी एक गोष्ट दिसते जी कागदावर सुचत नाही: दार काटकोनात उघडलं की कपाटाची जाडी वाटेतच उभी राहते. सव्वाएकतीस इंचांतले साडेसहा गेले, उरले पावणेपंचवीस. बारा इंची कपाट असतं तर दीड फुटाच्या जरा वर उरलं असतं, म्हणजे आडवं होऊन आत शिरायचं.

पुठ्ठा फिरवताना कपाळाचा आणि पायांचाही विचार करा. जगातलं सर्वांत प्रसिद्ध कपाट-दार ॲमस्टरडॅमला प्रिन्सेनग्राख्त २६३ मध्ये आहे. ॲन फ्रँक ही ज्यू मुलगी आणि तिचं कुटुंब नाझींपासून ज्या मागच्या घरात लपलं होतं, त्याची वाट झाकायला ते ऑगस्ट १९४२ मध्ये पुढच्या कचेरीतले योहान व्होस्कोयल यांनी बनवलं. त्यात कचेरीच्या फायली ठेवलेल्या असत. त्यामागची चौकट इतकी बुटकी होती की सुरुवातीला सगळ्यांचीच डोकी आपटली आणि शेवटी लाकडाचा भुसा भरलेलं कापड वर ठोकावं लागलं, असं ॲननं डायरीत लिहून ठेवलंय. आपल्याकडे डोकं सहसा वाचतं, पण उंबरठा राहिला तर अंधारात पाय ठेचतो. तो आधीच काढा, आणि जुनं दार टेकायची चौकटीतली खाचही पट्टी मारून भरून घ्या.

वजन फरशीवर द्या

वजनकाट्यावर एक फूटभर पुस्तकं ठेवून बघा. माझी सहा किलोंच्या आसपास भरली. एका कप्प्यात चौदा किलो, सात कप्पे, म्हणजे शंभरेक किलो. वर कपाटाचे तीसेक. एकशेतीस किलो बिजागऱ्यांच्या स्क्रूंवर टांगायचे म्हणजे चंद्रकोरीला आमंत्रण.

यावरचा उपाय आपल्याकडे जुनाच आहे. कोणत्याही गडाच्या दरवाजात उंबऱ्याच्या कडेला दगडात कोरलेले गोल खळगे दिसतात. त्या अजस्र दारांना बिजागऱ्या नसत. दाराच्या लाकडालाच वर-खाली खुंट असत आणि ते या खळग्यांत फिरत. सगळा भार खालच्या दगडावर, वरचा खुंट फक्त दाराला पडू न देण्यापुरता. हार्डवेअरच्या दुकानात यालाच पिव्हट म्हणतात. खालचा बेअरिंगवाला आणि निदान दीडशे किलो पेलणारा घ्या. केंद्र कपाटाच्या पुढच्या कोपऱ्यावर येईल असा मागा, त्याला दुकानदार ऑफसेट म्हणतात. मध्यावर फिरणारा घेतलात तर वरचं सगळं गणित बदलेल. वरच्या पिव्हटवर वजन येत नाही, आडवी ओढ येते: १३० किलो गुणिले निम्मी रुंदी १५ इंच, भागिले उंची ७९ इंच, म्हणजे पंचवीसेक किलो. सागवानी किंवा सालाची चौकट भिंतीत घट्ट असेल तर ती हे सहज सोसते. चौकट हलत असेल तर काम तिथेच थांबवून आधी ती पक्की करा.

मोकळ्या बाजूला खाली चाक लावायचा सल्ला खूप जण देतात. मला तो पटत नाही. आपल्या फरश्या दिसतात तितक्या सपाट नसतात. जिथे खळगा आहे तिथे चाक हवेत, जिथे उंचवटा आहे तिथे सगळं कपाट वर उचललं जातं आणि पिव्हट वाकडा होतो. दार फिरेल तेवढ्या भागात पाण्याची नळी धरून लेव्हल बघा. सर्वांत उंच जागेपासून अर्धा इंच वर कपाटाचा तळ ठेवला की झालं.

खोका आणि पट्ट्या

पाऊण इंची वॉटरप्रूफ प्लाय, कप्पे बाजूच्या फळ्यांत खाचा पाडून बसवलेले, फेविकॉल आणि स्क्रू दोन्ही. कप्पे सरकवायची सोय ठेवू नका. मागची अर्धा इंची प्लाय हौसेची नाही, तीच कपाटाला तिरपं होऊ देत नाही. ती ठोकण्याआधी दोन्ही कर्ण टेपनं मोजा. दोन सुतांचा फरक असला तरी उघडून पुन्हा जुळवा. प्रत्येक कप्प्याला पुढे अर्ध्या इंचाची उभी पट्टी हवी, नाहीतर दार जोरात उघडलं की पुस्तकं पाहुण्यांच्या पायावर. जाड ग्रंथ खाली आणि पिव्हटच्या बाजूला.

फटी झाकायच्या पट्ट्यांत सगळे फसतात. मोकळ्या बाजूची आणि वरची पट्टी कपाटावर ठोकायची. पिव्हटच्या बाजूची मात्र चौकटीवर. तीही कपाटावर मारलीत तर दार उघडताना ती मागे वळते आणि चौकटीवर बसते. आमची एक अशीच कडाडकन मोडली.

खटका

लोकांना उत्सुकता याचीच असते, आणि हेच सर्वांत सोपं आहे. रिमोट, फिंगरप्रिंट, मोबाइल ॲप, सगळं मिळतं. वीज गेल्यावर काय होतं ते मात्र विकत घेण्याआधी विचारा. शनिशिंगणापूरला घरांना कड्या-कुलपं नसण्याची रीत आहे. तिथे २०११ मध्ये युको बँकेनं शाखा उघडली ती काचेच्या दाराची आणि नजरेत न भरणाऱ्या विद्युतचुंबकी कुलपाची. असं कुलूप वीज असेपर्यंतच धरून ठेवतं, गेली की सोडतं. आत माणूस असेल तर हा गुण म्हणायचा. पण चोवीस तास वीज खाणारं चुंबक घरच्या कपाटाला कशाला?

मी सायकलची ब्रेक केबल वापरली. कपाटाच्या मागे, मोकळ्या बाजूला, तिरक्या टोकाचा स्प्रिंगचा खटका. दार लोटलं की तो आपोआप चौकटीच्या भोकात बसतो. त्याच्या मुठीला केबल बांधली आणि मागच्या प्लायला भोक पाडून ती चौथ्या कप्प्यात आणली. तिथे एक जुनं पुठ्ठा-बांधणीचं पुस्तक, पानं फेविकॉलनं चिकटवून ठोकळा केलेला, बुडाशी छोटी बिजागरी. केबल त्याच्या पाठीमागे निम्म्या उंचीवर अडकवली. पुस्तकाचा माथा दोन इंच पुढे झुकला की केबल इंचभर ओढली जाते. खटक्याला पाच सूत पुरतात, तेव्हा उरलेली ढील राहू द्या. केबल ताणून बांधली तर खटका अर्धवट आतच राहतो.

पुस्तक निवडताना मात्र डोकं वापरा. मी पहिल्यांदा पाककृतींचं लावलं होतं. पहिल्याच आठवड्यात आत्यानं अनारशाची कृती बघायला म्हणून ते ओढलं, आणि कपाट अंगावर येतंय असं वाटून केवढ्यानं तरी ओरडली. आता तिथे वीस-बावीस वर्षांपूर्वीचं आयकराचं मार्गदर्शक आहे. त्याला आजवर कोणी हात लावलेला नाही.

आतून खटक्याची मूठ कधीच झाकू नका. दार बंद करून, दिवा घालवून, घरातल्या सर्वांत लहान मुलाला आतून उघडता येतंय का ते बघा. येत नसेल तर मूठ त्याच्या हाताच्या उंचीवर आणा. आणि मुख्य दार, मीटरचा बोर्ड किंवा गॅसचा कॉक अशा कपाटामागे कधीही घालू नका.

पुस्तकं एका दिवसात भरू नका. खालचे दोन कप्पे भरा, दार दहा-वीस वेळा फिरवा, मोकळ्या बाजूची खालची फट फूटपट्टीनं मोजून चौकटीवर पेन्सिलीनं लिहा, मग पुढचे कप्पे. फट सूतभर कमी झाली तर वरच्या पिव्हटचे स्क्रू आवळा. पंधरा दिवसांनी एकदा आणि पहिल्या पावसानंतर एकदा हेच पुन्हा करायचं. आमच्या चौकटीवर त्या पेन्सिलीच्या नोंदी अजून आहेत. चंद्रकोरीवर सतरंजी टाकली आहे.